सतरा मापाची अंगठी

१

दुपारी चारला गिरणीचा भोंगा झाला की लहानूजी हातातलं काम खाली ठेवत. भोंगा वाजत असेपर्यंत गल्लीतली कुत्री माना वर करून रडत, समोरच्या पानठेल्यावरचा रेडिओ त्यात बुडून जाई, आणि आतल्या दारातून बायको, आनंदाबाई, चहाची कपबशी घेऊन येत. चहा संपला की चष्म्याच्या काचा धोतराच्या सोग्याला पुसायच्या आणि पुन्हा ऐरणीपुढे बसायचं. हिंगणघाटात एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक शेगडी, एक ऐरण, भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी आणि गिऱ्हाइकासाठी पांढरी चादर घातलेली गादी. लहानूजी हार-पाटल्यांच्या कामात फारसे पडत नसत. त्यांचं नाव होतं अंगठ्यांसाठी. त्यांनी एकदा बोट मापलं की अंगठी दुरुस्तीला परत आणावी लागत नाही, असं लोक म्हणत, आणि ते खरं होतं.

१९८२ सालच्या होळीच्या सुमारास भैय्याजी आपल्या बायकोला घेऊन त्या गादीवर येऊन बसले. भैय्याजींचा सरकी-ढेपेचा व्यापार होता. माणूस मोठ्या आवाजाचा, पण बायको शेजारी असली की तो आवाज आपोआप खाली येई. रुख्मिणीबाई अंगानं भरलेल्या, मोकळ्या हसण्याच्या. हसल्या की खांदे हलत. येत्या अक्षय तृतीयेला दोघांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. भैय्याजींनी खिशातून कागदाची पुडी काढून चादरीवर उलगडली. आत एकच हिरा होता. टपोरा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. लहानूजींनी कागदावर पेन्सिलीचा ठिपका काढला आणि हिरा त्यावर पालथा ठेवला. ठिपका दिसेनासा झाला. काच असती तर तो आरपार दिसला असता. हिरा अस्सल होता.

हिरा नागपूरच्या इतवारीतून, भरल्या बाजारात, पावती घेऊन आणलेला होता. त्याच्यामागे कसलीही कहाणी नव्हती. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की पुढे लहानूजींनी त्याची कहाणी शोधून काढायचा बराच प्रयत्न केला आणि त्यांच्या हाताला काहीही लागलं नाही.

भैय्याजींना अंगठी अशी हवी होती की समोरच्या फुटपाथवरून हिरा दिसावा. रुख्मिणीबाईंना तसं नको होतं. त्यांचा हात दिवसातून दोनदा कणकीत जायचा. उंच बसवलेला खडा कणकीत, पदरात, केसांत अडकणार. लहानूजींनी आठवडाभरात पाच नक्षी काढून दाखवल्या. कमळ झालं, चांदणी झाली, वेल झाली. बाईंना एकही पटली नाही. शेवटी त्यांनी लहानूजींच्या हातातून पेन्सिल घेतली आणि कागदावर उकललेलं बोंड काढलं. चार वाळकी टरफलं बाहेर वळलेली आणि मधोमध कापूस.

"कापसाच्या जिवावर जगून राह्यलो आपण," त्या म्हणाल्या. "मंग बोटात बी कापूसच असू द्या, लहानूभाऊ."

टरफलं म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या चार नख्या, आणि कापूस म्हणजे हिरा.  इतकी सोपी आणि इतकी नेमकी नक्षी आपल्याला का सुचली नाही, याचं लहानूजींना वैषम्य वाटलं आणि आनंदही झाला. मग त्यांनी मापाच्या कड्यांचा जुडगा काढून बाईंची उजवी अनामिका मापली. सतरा.

२

महिनाभर ते त्या अंगठीवर बसले. भैय्याजींनी बाईंची एक जुनी पाटली मोडायला दिली होती, तिचं सोनं आटवून पट्टी ओढली. नख्यांनी मात्र घाम काढला. वाळक्या टरफलाला जो किंचित पीळ असतो तो सोन्यात उतरेना. लहानूजींनी कापसाच्या पऱ्हाटीची बोंडं आणून समोर ठेवली आणि चार वेळा नख्या मोडून पाचव्यांदा केल्या. हिरा खाली, पट्टीला जवळजवळ टेकून बसवला. तयार झालेली अंगठी त्यांनी उजेडात धरली तेव्हा आनंदाबाई आतून बाहेर आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं चार-पाच वेळाच केलं असेल.

अक्षय तृतीयेला आठ दिवस होते. लहानूजींनी अंगठी लाकडी मापाच्या दांडीवर चढवली. ही दांडी एका टोकाला निमुळती असते आणि तिच्यावर मापांच्या रेघा असतात. अंगठी ज्या रेघेला थांबेल ते तिचं माप. अंगठी सतराच्या रेघेवर थांबली. मग ती गुलाबी कागदात, पत्र्याच्या डबीत आणि तिजोरीत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भैय्याजी आणि बाई आले. अंगठी बोटात गेली आणि मधल्या पेरावर अडली. पुढे सरकेना. साबणाचं पाणी लावलं, तरी नाही.  लहानूजींनी कड्यांनी बोट पुन्हा मापलं, सतरा. अंगठी दांडीवर चढवली. ती सोळावर थांबली.

रुख्मिणीबाईंनी हसून सांगितलं की उन्हाळ्यात बोटं सुजतात, त्यात काय एवढं. पण बोट सुजलेलं नव्हतं. बोट जिथल्या तिथं होतं. लहानूजींनी डोळ्यांवर दोष घेतला आणि दोन दिवसांची मुदत मागितली.

३

सोनं मऊ असतं. दांडीवर चढवून चारी बाजूंनी लाकडी हातोडीनं हलकं ठोकलं की एखादं माप सहज वाढतं. लहानूजींनी अंगठी सतरावर आणली आणि या वेळी आनंदाबाईंना बोलावून रेघ वाचायला लावली. त्यांनीही सतराच वाचलं. डबी तिजोरीत गेली, किल्ली कमरेला गेली.

दुसऱ्या दिवशी चारला भोंगा झाला. कुत्री रडली. भोंगा थांबल्यावर गल्लीत जी घटकाभर शांतता पडते ती पडली, आणि त्या शांततेत तिजोरीच्या आतून आवाज आला.

टिक.

लहानूजींना तो आवाज ओळखीचा होता. तापवलेलं सोनं निवताना कधीकधी असाच एक बारीक आवाज करतं. पण शेगडी सकाळपासून पेटलेली नव्हती. त्यांनी तिजोरी उघडली, डबी उघडली, अंगठी दांडीवर चढवली. सोळा.

त्यांनी पुन्हा ठोकून सतरा केली. दुसऱ्या दिवशी भोंग्यानंतर टिक. त्या दिवशी ती पंधरावर होती.

अक्षय तृतीया अंगठीवाचूनच गेली. लहानूजींनी नखीत दोष निघाल्याचा निरोप पाठवला. भैय्याजी कुरकुरले, बाईंनी त्यांना गप्प केलं.

लहानूजी भुताखेतांना मानणारा माणूस नव्हता. दुकानात एखादी गोष्ट बिघडली तर तिला कारण असतं, हे त्यांना बापानं ऐरणीपुढे बसवून शिकवलं होतं. ते कारण शोधायला लागले. आधी त्यांनी मापाच्या दांडीवर संशय घेतला. बाजारातल्या दुसऱ्या सोनाराकडे जाऊन त्याच्या दांडीवर अंगठी चढवली. माप तेच निघालं. मग त्यांनी तांब्याची एक कडी सतराच्या मापाची केली आणि अंगठीशेजारी त्याच डबीत ठेवली. तांब्याची कडी सतराच राहिली. कोणी अंगठी कापून सोनं काढतंय म्हणावं, तर वजनात केसाचाही फरक नव्हता. उलट अंगठी जेवढी लहान होई तेवढी पट्टी जाड होई. त्यांनी भिंग लावून पट्टी पाहिली. कुठं सांधा नव्हता, कानशीचा ओरखडा नव्हता. जणू ती पहिल्यापासून तेवढीच घडवलेली होती.

मग त्यांच्या मनानं तिजोरीला धरलं. लोखंडाची, उन्हाच्या भिंतीतली, तापत असेल. एका दुपारी त्यांनी डबी नेऊन स्वैपाकघरात तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. चारचा भोंगा झाला आणि थांबला. आनंदाबाई चुलीपुढे चहा गाळत होत्या. त्यांचा हात थांबला. तांदळाच्या डब्यातून आलेला आवाज त्यांनीही ऐकला.

४

 तिसऱ्या दिवशी सकाळी लहानूजी पुन्हा भिंग लावून बसले तेव्हा आनंदाबाई उंबऱ्यावर येऊन टेकल्या.

"ते सोनं काऊन आकसून राह्यलं, हे तुमी पंधरा दिवसांपासून पाहून राह्यले," त्या म्हणाल्या. "ज्या बोटासाठी केलं, ते बोट पाह्यलं का?"

"पाह्यलं ना. सतरा आहे."

"तवा होतं."

एवढंच म्हणून त्या आत गेल्या. लहानूजींनी भिंग खाली ठेवलं. दुकान नेहमीसारखंच होतं. बाहेरून सायकलींच्या घंट्या ऐकू येत होत्या, ढेपेच्या बैलबंड्यांची चाकं वाजत होती. तरी त्यांना त्या क्षणी खोलीत एकटं बसवेना. ते उठून पानठेल्यावर जाऊन उभे राहिले आणि कधी नव्हे ते पान खाल्लं.

५

भैय्याजींच्या घरी ते सकाळच्या वेळी गेले. भैय्याजी गोदामात गेलेले असणार हे त्यांना माहीत होतं. रुख्मिणीबाई ओसरीवर कुरडयांचा घाणा उतरवत होत्या. त्यांनी हात धुतले, पाट दिला, पाणी दिलं. लहानूजींनी पुन्हा एकदा माप घ्यावं लागेल असं सांगून कड्यांचा जुडगा काढला. सतराची कडी बोटात गेली, आणि गेल्यावर किंचित फिरली. सोळाची घातली. ती नेमकी बसली.

बाई तशाच भरलेल्या दिसत होत्या, तशाच हसत होत्या. नुसतं पाहून कोणालाही काही कळलं नसतं.  गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन अशुभ बोलणं म्हणजे धंद्यावर निखारा ठेवणं. शेवटी लहानूजींनी जे त्यांना खरोखर ठाऊक होतं तेवढंच विचारलं.

"वहिनी, दुपारी चार वाजता तुम्हाले काय होते?"

बाईंचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं.

"तुम्हाले कोणं सांगतलं?"

"कोणीच नाई."

त्यांनी ओसरीच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कणकण येते. चार वाजले का येते, दिवे लागले का जाते. दोन महिने झाले. रातचा घाम येते थोडा. उन्हाळा आहे म्हणून म्या कोणाले बोलली नाई. यायले तर अजिबात नाई सांगतलं. यायनं हिरा आणला, हे इतके खूश, अन् म्या काय सांगू?"

लहानूजींनी अंगठीचं त्यांना काही सांगितलं नाही. कसं सांगणार. ते फक्त म्हणाले, "आजच सांगा. तुमी नाई सांगतलं तर मी गोदामात जाऊन सांगीन."

 सोनार माणूस, आठ दिवसांत एक शब्द बोलणारा. तो आपल्या घरी येऊन हे असं बोलतो आहे याचं बाईंना नवल वाटलं असावं. त्यांनी मान हलवली. त्याच संध्याकाळी त्यांनी भैय्याजींना सांगितलं आणि दोन दिवसांनी भैय्याजी त्यांना वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. छातीच्या फोटोत उजवीकडे डाग निघाला. टीबी. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की वेळेवर आलात; औषधं लांब चालतील, पण बाई बऱ्या होतील.

६

लहानूजींना वाटलं, आता अंगठी थांबेल. तिला जे सांगायचं होतं ते सांगून झालं. असा विचार आपण करतो आहोत याचीही त्यांना लाज वाटली, पण तो विचार सोबतीला बरा होता.

अंगठी थांबली नाही. मे संपता संपता ती चौदावर आली, जूनमध्ये तेरावर. दवाखान्यात औषधं बाईंच्या अंगावर उलटली. कावीळ झाली, औषधं बंद करावी लागली, मग डॉक्टरांनी दुसरी सुरू केली. लहानूजी एका रविवारी एसटीनं जाऊन भेटून आले. बाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकलेल्या होत्या. बोलता बोलता लहानूजींची नजर त्यांच्या अनामिकेवर गेली. बोट मापायला त्यांना कड्या लागत नव्हत्या. चौदा. तिजोरीतली अंगठी तेरा होती. अंगठी बोटाच्या एक पाऊल पुढे चालत होती.

परतीच्या एसटीत त्यांना एकच प्रश्न सुटेना: ती कुठं थांबणार. बाराच्या खाली अकरा असतं, दहा असतं. लहान मुलींचीही मापं असतात. आणि दांडीच्या टोकाच्या पलीकडे काहीच नसतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक काम हाती धरलं. रोज सकाळी आंघोळ झाली की ते अंगठी दांडीवर चढवत आणि लाकडी हातोडीनं ठोकून एक माप वाढवत. दुपारी चारनंतर ती टिक करून पुन्हा खाली येई. सकाळी ते पुन्हा वाढवत. इतकं ठोकून पट्टी कागदासारखी व्हायला हवी होती. ती होत नव्हती. याचा काही उपयोग आहे का, हे त्यांना माहीत नव्हतं. पण ती तेरावर अडून राहिली. पंधरा दिवस, वीस दिवस, तेराच्या खाली गेली नाही.  आनंदाबाई सकाळी ऐरणीजवळची जागा आधी झाडून ठेवू लागल्या.

७

जुलैत आष्टीला त्यांच्या मुलीकडे बारसं होतं. पहिला नातू, न जाऊन चालणार नव्हतं. लहानूजी आणि आनंदाबाई पहाटेच्या एसटीनं, अंगठीला हातोडी न लावताच गेले आणि एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. पावसाची झड लागलेली होती. स्टँडवरच भैय्याजी भेटले, कपडे घ्यायला दवाखान्यातून आलेले. त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. काल दुपारी बाईंना खोकल्यातून रक्त पडलं होतं. आज त्यांनी डोळे उघडले नव्हते. डॉक्टर सुया बदलून पाहत होते. भैय्याजी एवढं सांगून भिजतच एसटीत चढले.

लहानूजी घरी आले ते ओल्या अंगानंच तिजोरीपुढे बसले. अंगठी नऊवर होती.

चार वाजायला थोडाच वेळ होता. त्यांनी अंगठी दांडीवर चढवून हातोडी घेतली आणि पाहिलं, की अंगठी हलते आहे. अगदी सावकाश, कोणी चिमटीत धरून ओढावी तशी, ती निमुळत्या टोकाकडे सरकत होती. त्यांनी तिला दांडीवरून काढून तळहातावर घेतलं. दुकानात उजेड कमी होता. पत्र्यावर पाऊस एकसारखा वाजत होता. त्यांनी तिला मोठं करण्यासाठी नव्हे, नुसतं थांबवण्यासाठी, आपल्या करंगळीचं टोक तिच्यात घालून पाहिलं.

ते आत जाईना.

अंगठी लहान होती म्हणून नव्हे. करंगळीचं टोक सहज मावलं असतं. पण आत जागा नव्हती. अंगठीतून आरपार दिसत होतं, पलीकडे पडलेला गुलाबी कागद दिसत होता, आणि तरी जागा नव्हती. त्यांच्या करंगळीला दुसरं बोट लागलं. कोरडं, काडीसारखं बारीक, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं गरम. आणि त्यात नाडी चालत होती.

बापानं शिकवलेली सगळी कारणं लहानूजींच्या डोक्यातून एका दमात निघून गेली. अंगठी फेकून द्यावी, असं त्यांच्या सगळ्या अंगाला वाटलं. हात तसा उचललाही गेला. पण ती नाडी. बारीक, अडखळत, पण चालत होती. आजारी माणसाचं बोट धरावं तसं त्यांनी अंगठा आणि दोन बोटं तिच्याभोवती मिटली, आणि धरून ठेवली.

भोंगा झाला. कुत्री रडली. आनंदाबाई कपबशी घेऊन दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. भोंगा थांबला. शांतता पडली, फक्त पाऊस. लहानूजी आवाजाची वाट पाहत होते. त्यांच्या हातात ते बोट एकदा आखडलं आणि मग, अगदी थोडंसं, त्यांच्या बोटाला वळसा घालून त्यानं धरलं.

आवाज आला नाही. चहावर साय धरली. केव्हा तरी त्यांच्या चिमटीत नुसती अंगठी उरली, गार. त्यांनी ती दांडीवर चढवली. नऊ.

८

दोन दिवसांनी लहानूजी दवाखान्यात गेले तेव्हा भैय्याजी व्हरांड्यात भिंतीला टेकून रडत होते. लहानूजी पायरीवरच थांबले. पण भैय्याजींनी त्यांना पाहिलं आणि नाक पुसत सांगितलं की परवा दुपारी ताप आलाच नाही. कालही नाही. आज सकाळी बाईंनी डोळे उघडून ज्वारीची भाकर आणि ठेचा मागितला, आणि नर्सनं दिला नाही म्हणून तिच्यावर चिडल्या. नवी औषधं लागू पडली, असं डॉक्टर म्हणाले. लहानूजीही पुढे कोणी विचारलं तर तेच सांगत, आणि ते खोटं म्हणायचं त्यांना काही कारण नव्हतं.

त्यानंतर त्यांनी त्या अंगठीला हातोडी लावली नाही. ती आपणहून मोठी होत गेली. आवाज नाही, काही नाही. सोमवारी पाहावं तर नऊ, पोळ्याला पाहावं तर अकरा. दिवाळीत बाई घरी आल्या. टीबीच्या गोळ्या वर्षभर चालल्या.

पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला भैय्याजी आणि रुख्मिणीबाई पुन्हा त्या गादीवर येऊन बसले. बाई अजून हडकुळ्या होत्या, केसांत पांढरं वाढलं होतं. लहानूजींनी पत्र्याची डबी उघडून त्यांच्यापुढे ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अंगठी दांडीवर न चढवता गिऱ्हाइकाच्या हातात दिली. ती मधल्या पेरावरून सरकली आणि बसली. बाईंनी हात लांब धरून त्या बोंडाकडे पाहिलं. एवढ्याशा अंगठीला एक साल काऊन लागलं, असं त्यांनी विचारलं. नख्या कच्च्या होत्या, असं लहानूजींनी सांगितलं.

९

अडीच वर्षं गेली. पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका सकाळी रुख्मिणीबाई एकट्याच रिक्षातून आल्या. बसल्या नाहीत. चेहरा उतरलेला होता. मुठीतली अंगठी त्यांनी चादरीवर ठेवली.

"डाळ धुतानी पाण्यात गळली," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांपासून सैल होऊन राह्यली, लहानूभाऊ. म्या यायले बोलली नाई. परत तेच आलं का?"

लहानूजींनी कड्यांचा जुडगा काढला. त्यांनी बोट मापलं. मग पुन्हा मापलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मापलं. सतरा. सतराची कडी अंगाला अंग लावून बसली होती, फिरतसुद्धा नव्हती.

मग त्यांनी अंगठी दांडीवर चढवली. ती अठरावर थांबली.

 बाई काय ते सांगा म्हणत होत्या. लहानूजींना हसू आलं. आधी नुसतं तोंडावर, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आतून आनंदाबाई धावत आल्या. नवऱ्याला इतकं हसताना पाहून त्या दारातच घाबरून उभ्या राहिल्या.

"बसा, वहिनी," लहानूजी म्हणाले. आणि मग त्यांनी त्यांना सगळं सांगितलं. तिजोरीतला आवाज, तांदळाचा डबा, रोज सकाळची हातोडी. झडीच्या दिवसापाशी आल्यावर मात्र ते अडले आणि तेवढं गाळून पुढे गेले. अंगठी बोटाच्या एक पाऊल पुढे चालते, एवढं बाईंना समजलं.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे बोट बारीक नाई झालं. अंगठी मोठी झाली. तुमी अजून भराल. ती वाट पाहून राह्यली."

रुख्मिणीबाईंनी दांडीवरून अंगठी काढून तळहातावर घेतली. मग त्या हळूच म्हणाल्या, "त्या झडीत, दवाखान्यात, एक दिवस दुपारी मले..." आणि थांबल्या. त्यांची नजर लहानूजींच्या करंगळीवर गेली होती. लहानूजींनी हात मागे घेतला नाही.  आनंदाबाईंनी चहा ठेवायला म्हणून भांडं उचललं, आणि बाईंनी अंगठी बोटात घालून तिच्यावर दुसरा हात ठेवला.

संक्रांतीला त्या तिळगूळ द्यायला आल्या. आनंदाबाईंनी कौतुकानं अंगठी हातात घेऊन बघायला मागितली. बाईंनी ती ओढून पाहिली, फिरवून पाहिली, साबण मागितला, आणि मग खांदे हलवत हसत सुटल्या. अंगठी निघत नव्हती.